देवमाशाचा दात

नालोमानी गावात माझं सख्खं कोणी नाही, पण त्या गावाला शिव्या द्यायचा हक्क मला जन्मापासून आहे. त्यांचं गाव आणि माझं वुनिदामा, दोन्हींचा मूळपुरुष एकच, म्हणून आम्ही एकमेकांचे ताउवू. ताउवूने ताउवूची यथेच्छ टिंगल करायची, त्याच्या घरात शिरून डोळ्यांत भरेल ती वस्तू उचलायची, आणि मालकाने हसत बघत राहायचं. रागावला तर नाचक्की त्याची. मयताच्या घरीसुद्धा ही मुभा सुटत नाही, उलट तिथे ती जास्तच लागते. सरकारने मला कांदावू बेटाच्या त्या किनाऱ्यावर नर्स म्हणून पाठवलं, तेव्हा नालोमानीच्या बायकांनी कपाळाला हात लावला. सुई टोचणारी बाई, आणि ती ताउवू! म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एकोणीस वर्षं मी तिथल्या आरोग्य केंद्रात काढली. या काळात आकानिसीच्या घरातून मी दोन कोंबड्या, नारळाची खवणी, एक नवीकोरी उशी आणि तिच्या नवऱ्याचा चर्चला जायचा टाय एवढं पळवलं. ती लग्न होऊन दुसऱ्या बेटावरून आलेली, बोलायला कमी, हाताला मात्र चपळ. केवड्याच्या पानांची चटई विणायला बसली की आठ दिवसांत खोलीभर चटई. मी खवणी उचलली त्या दिवशी तिने मान वर न करता म्हटलं, "नारळपण ने. नाहीतर खवशील काय, डोकं?" 

तिचा नवरा नेमानी बोलण्याचंच खायचा. आमच्याकडे गावचा मुखिया चारचौघांत स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने बोलणारं एक घराणं असतं. नेमानी त्या घराण्यातला, मुखियाचं तोंडच म्हणा ना. पाहुणे आले, सोयरीक जुळवायची झाली, कुणाची माफी मागायची झाली, की हा यांगोनाच्या, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाच्या, लाकडी परातीसमोर मांडी घालून बसायचा आणि बोलायला लागायचा. मागच्या रांगेत पेंगणाऱ्या म्हाताऱ्याही ताठ व्हायच्या. घरी आला की चहात चार चमचे साखर. रक्तातल्या साखरेवरून मी त्याला वर्षानुवर्षं झापत आले. "ताउवू, गोड खाल्ल्याशिवाय गोड बोलता येतं का?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

साखरेने शेवटी आपलं काम केलं. मे महिन्यात त्याच्या उजव्या पायात शिंपला घुसला, आठवडाभर त्याला कळलंही नाही, आणि मला दाखवला तेव्हा अंगठा काळा पडून पोटरीपर्यंत लाली चढली होती. वासावरूनच मी ओळखलं. मी त्याला सरळ सांगितलं, सुव्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, गुडघ्याखालून पाय कापावा लागेल, नाहीतर विष रक्तात जाईल आणि तू जाशील.

दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, चालू कसा? नेमानीने विचारलं, "मग मी बसू कसा?"

"खुर्चीवर बस."

"मुखियासमोर खुर्चीवर? मांडी घालायला दोन पाय लागतात. परातीकडे खुंट लांब करून बसलेला माणूस बघितलायस कधी? पोरं हसतील, ताउवू."

"मेल्यावर आडवाच होशील. मग बसायचा प्रश्नच मिटला."

तो पोट धरून हसला, पण हो म्हणाला नाही. चार दिवस नाही म्हणाला. मुखिया स्वतः येऊन गेला, पाद्री येऊन प्रार्थना करून गेला. नेमानीने दोघांचे आभार इतक्या सुंदर शब्दांत मानले की ते काय मागायला आले होते तेच विसरून परत गेले. पाचव्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. तेव्हा आकानिसी चटई बाजूला सारून उठली आणि त्याच्या उशाशी येऊन म्हणाली, "अहो, मी येते बरोबर. तुमच्या कॉटखाली झोपेन."

"तू येणार असशील तर येतो," तो म्हणाला. "दुसरं कोणी नको, मेरेच्या आई."

बोट गुरुवारी. बेटांवरून येणाऱ्या पेशंटबरोबर घरचं एक माणूस लागतं. धुणंपुसणं, भरवणं, सगळं त्याच माणसाने करायचं. मी कागदावर आकानिसीचं नाव लिहिलं आणि हायसं वाटून बुधवारी दुपारी त्यांच्याकडे चहाला गेले.

तिने मला मागच्या चुलीच्या खोपटात बसवलं. लिंबाच्या पानांचा चहा दिला, उकडलेला दालोचा कंद दिला, आणि पेल्याशेजारी एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू ठेवली. फडकं तिने हळूच उलगडलं. आत देवमाशाचा दात होता. तेल पाजून पाजून मधाच्या रंगाचा झालेला, वेणीच्या दोरीचा, तिच्या आईने लग्नात दिलेला. माझी सवय हो! "अगं बाई, आज हा माझा," म्हणत मी झडप घालून तो उचलला, दोरी गळ्यात अडकवली आणि छाती काढून बसले.

आकानिसी हसली नाही. तिने दोन्ही हातांची ओंजळ करून तीनदा खोल टाळी दिली, मोठ्या बैठकीत देतात तशी.

"हात लावलास," ती म्हणाली. "आता मागणं ऐक."

देवमाशाचा दात पुढे आला आणि तुम्ही त्याला हात लावलात की मागणं मान्य. मग ते मुलीचा हात असो, खुनाची माफी असो. नाही म्हणायचं असेल तर हात मागे ठेवायचा, एवढी एकच वाट. मी ती वाट स्वतःच्या चोरट्या हातांनी बंद केली होती. आणि तिला हे नेमकं ठाऊक होतं. एकोणीस वर्षं तिने माझे हात पाहिले होते.

तिने ब्लाउजची बटणं सोडली. उजव्या स्तनात कच्च्या लिंबाएवढी गाठ, वरची कातडी आत ओढलेली, काखेत आणखी दोन. वर कसल्यातरी पाल्याचा हिरवा लेप वाळलेला.

"कधीपासून?"

"ख्रिसमसच्या आधीपासून."

"आणि मी इथे दर महिन्याला तुझा चहा ढोसतेय! तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"त्यांचा पाय बरा होईपर्यंत हे त्यांच्या कानावर जाता कामा नये," ती म्हणाली. "माझं मागणं एवढंच."

मी दात गळ्यातून काढून तिच्यापुढे ठेवला. ती त्याच्याकडे बघत बसली, शिवलीही नाही. "दोघांना एकाच बोटीने नेते," मी म्हटलं. "लेकीला, मेरेला, बोलवू लाउतोकाहून."

"मेरेला सातवा महिना लागलाय. दोघं कॉटवर झोपल्यावर खाली कोण झोपणार? आणि त्यांना कळलं तर ते म्हणतील, आधी हिचं बघा, मग माझा पाय. तू ओळखतेस ना त्यांना. तेवढे दिवस पायाचं विष थांबेल? खरं सांग, नर्स."

मी खरं सांगितलं. तेच माझं चुकलं. "नाही थांबणार. चार-पाच दिवस, फार तर."

"आणि माझं?"

"तुझं... महिने."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि बटणं लावली. 

"तू बेशरम आहेस, आकानिसी."

"ताउवूच्या घरची सून आहे," ती म्हणाली, आणि मला आणखी दालो वाढला. दात तिने परत घेतला नाही, मलाच तो घरी न्यावा लागला.

मला एक पळवाट सुचली. नवऱ्याला सांगायचं नव्हतं, डॉक्टरला सांगायला कुणाची बंदी होती? मी गाठीबद्दल सगळं लिहून एक चिठ्ठी तिला दिली. सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्यात बायकांची तपासणी असते, नवरा झोपलेला असताना जाऊन दाखव, म्हटलं. तिने चिठ्ठी बायबलमध्ये ठेवली. मला वाटलं, सुटले.

सुव्याला ती चोवीस दिवस राहिली. चोवीस दिवस त्या इमारतीत, जिथे प्रत्येक जिन्यावर डॉक्टर भेटतो. परत आली तेव्हा धक्क्यावरच मी तिला बाजूला घेतलं.

"गेले होते एकदा," ती म्हणाली. "रांगेत बसले होते. माझ्यापुढे चौघीच राहिल्या होत्या. तेवढ्यात वॉर्डातली मुलगी धावत आली. ते शुद्धीवर येऊन पाय शोधत ओरडत होते, मेरेच्या आईला बोलवा म्हणून. मग उठले."

"दुसऱ्या सोमवारी?"

"त्यांना ताप होता."

"गुरुवारी?"

"तू काय कॅलेंडर आहेस?" ती म्हणाली आणि पिशव्या उचलायला गेली. उजव्या हाताने उचलताना ती थबकली, मग डाव्याने उचलली. मी ते पाहिलं. मी सगळं पाहत होते, आणि दात माझ्या कपाटात पडला होता.

नेमानी परतला तो वेगळाच. जीव वाचला होता, पण जीभ गेली होती. बैठकीच्या घराकडून यांगोना कुटण्याचा आवाज आला की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. मुखियाने दोनदा बोलावणं पाठवलं. त्याने पाठदुखीचं निमित्त सांगितलं. त्याच्या जागी चुलतभाऊ बोलायला लागला, आणि तो एकाच पाहुण्याचं नाव दोनदा चुकला. मी मुद्दाम ही बातमी घेऊन गेले, वाटलं हसेल. तो म्हणाला, "ताउवू, मला मलमपट्टी कर आणि जा."

पट्टी मी एक दिवसाआड करायचे. साखर असलेल्या माणसाची जखम, ती कसली लवकर भरतेय! टाक्याची एक कड उघडली, पू झाला, पुन्हा भरली. प्रत्येक वेळी आकानिसी गरम पाण्याचं भांडं घेऊन शेजारी बसलेली असायची आणि मी तिच्या अंगाकडे न बघता खुंटाकडे बघायचे. माझ्या आयुष्यात एवढ्या आतुरतेने मी कुठल्या जखमेची वाट पाहिली नाही. जूनमध्ये ती दोन उशा घेऊन झोपायला लागली. जुलैत तिचा उजवा हात सुजून केळीच्या खोडासारखा झाला आणि अर्धी विणलेली चटई गुंडाळून माळ्यावर गेली. नेमानीने विचारलं, तर म्हणाली, माशी चावली. माशी! आणि त्याने मानलं. तो स्वतःच्या पायाच्या दुःखात इतका बुडाला होता की त्याला तिच्या हातातली चटई गेल्याचं दिसलं, पण कळलं नाही. याचा मला फार राग यायचा. मग आठवायचं, कळत असूनही गप्प बसलेली एक बाई याच खोलीत आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी पट्टी कोरडी निघाली. मी खुंट सगळ्या बाजूंनी दाबून पाहिला. कुठे ओल नाही, कुठे लाली नाही. आकानिसी भांडं धरून बसली होती, एकेका श्वासाला तिचे खांदे वर येत होते.

"भरली," मी म्हटलं. "आकानिसी, भरली ना? बघ तू."

तिने पाहिलं. "भरली," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मग मी नेमानीला सांगितलं. एका दमात सांगितलं, थांबले असते तर जमलं नसतं. गाठ, ख्रिसमस, दात, चिठ्ठी, रांगेतल्या चौघी. तो बायकोच्या सुजलेल्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी ओरडलो म्हणून ती उठली?"

"हो."

"तो दात मला आणून दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दात घेऊन गेले. नेमानीने आंघोळ करून पांढरा शर्ट घातला होता. आकानिसीला मोठ्या चटईवर बसवलं होतं, जिथे एरवी मुखिया बसतो तशा वरच्या जागी, पाठीला उशा. नेमानी कुबडी टाकून तिच्यासमोर खाली बसला. डावा पाय मुडपला, मग खुंट दोन्ही हातांनी उचलून त्या पायावर ठेवला. मांडी झाली. अर्धवट, पण झाली. त्याने टाळी दिली, दात दोन्ही हातांवर घेतला आणि बोलू लागला.

आमच्याकडे नवरा बायकोसमोर दात ठेवत नाही. मी तरी पाहिलं नव्हतं. त्याने तिच्या माहेरच्या बेटाचं नाव घेतलं, तिच्या वडिलांच्या घराचं नाव घेतलं, ज्या बोटीतून ती आली त्या बोटीचं नाव घेतलं. तिने विणलेल्या चटयांवर कोण कोण जन्मलं आणि कोण कोण निजलं ते सांगितलं. "मी लोकांसाठी बोललो, बाई, तुझ्यासाठी कधी बोललो नाही," तो म्हणाला. "आज माझ्यासाठी मागतो. माझ्या आंधळेपणाची माफी दे. आणि उद्याच्या बोटीने सुव्याला चल."

आकानिसीला उजवा हात उचलवेना. तिने डावा हात पुढे केला आणि दात घेतला. डाव्याने घेणं बरं नव्हे, पण तिथे बोट दाखवायला कोण होतं?

"हात लावला," ती म्हणाली. "माफी दिली. येतेही. पण मेरेचे बाबा, तुम्हाला जे हवंय ते आता माझ्यापाशी राहिलेलं नाही."

नियमाप्रमाणे पेशंटबरोबर धडधाकट माणूस लागतं. मी कागदावर नेमानीचं नाव लिहिलं, पुढे 'धडधाकट' लिहिलं आणि सही ठोकली. माझ्या नोकरीतली एवढी एकच खोटी सही, आणि तिची मला लाज नाही. नऊ दिवस तो एका पायाचा माणूस तिच्या कॉटखाली झोपला. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो काढला, पाठीचा काढला, आणि दुखण्यावरच्या औषधाची बाटली देऊन दोघांना परत पाठवलं. चार महिन्यांपूर्वी आणली असती तर, असं काही डॉक्टर म्हणाले का, ते मी नेमानीला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

ऑक्टोबरात ती गेली. दिवसाउजेडी गेली, नेमानी तिला मासळीचा रस्सा भरवत असताना. मेरे तान्ह्या मुलाला घेऊन आली होती, तिने आईची अर्धी राहिलेली चटई माळ्यावरून काढली, आणि तिच्यावरच आकानिसीला निजवलं, न विणलेली पानं तशीच लोंबत.

माझ्या गावाहून बायका आल्या. ताउवू म्हणून त्यांनी मयताच्या घरात धिंगाणा घातला, भांडी पळवली, नेमानीची कुबडी लपवली, एकीने त्याचा टाय बांधून पाद्र्याची नक्कल केली. रडून थकलेले लोक हसायला लागले. मी दाराशी उभी होते. मी कशालाच हात लावला नाही.

"ताउवू," नेमानी आतून म्हणाला, "तुझं काम कर. तिला काय कोरडीच पाठवणार?"

मी चटईजवळ जाऊन बसले. तिचा चेहरा शहाण्या मुलीसारखा दिसत होता, त्याचाच मला संताप आला. "चोरटे," मी म्हटलं, "एक दात दिलास आणि माझी जीभ घेऊन गेलीस. या घरात चोरी करायचा हक्क माझा होता." लोक हसले. नेमानी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला, हसता हसता वाकला आणि तिच्या पायांवर डोकं टेकून पडला. त्याला उठवायला तिघे लागले.

शंभर दिवसांचं सुतक सुटलं तसा नेमानी पुन्हा बैठकीत जायला लागला. खुंट मांडीवर घेऊन बसायचा, आणि पोरं हसली नाहीत. मेरे आता लाउतोकाला निघणार होती, नवरा तिकडे एकटा, तिची हॉटेलातली नोकरी जायची पाळी आलेली. बोट गुरुवारी. बुधवारी नेमानीने मला बोलावणं पाठवलं.

तो एकटाच बसला होता. डाव्या पायावर चादर होती. त्याने ती सरकवली. करंगळी काळी पडली होती.

"कधीपासून?" मी विचारलं, आणि माझाच आवाज मला ओळखू आला.

"रविवारपासून. ताउवू, तिला कळलं तर ती थांबेल. नोकरी जाईल, नवरा चिडेल, तान्हं पोर आहे. उद्याची बोट सुटू दे, मग काय ते करू." त्याने उशीखालून फडकं काढलं. उलगडलं. तो दात दोन्ही हातांवर घेऊन त्याने माझ्यापुढे धरला. मधाचा रंग, तीच दोरी. "मेरेच्या कानावर जाऊ देऊ नकोस. माझं मागणं एवढंच."

मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसले.

"घे, ताउवू," तो म्हणाला. "एरवी न मागता घेतेस."

त्याने दात खाली केला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माझ्याही. चुलीच्या खोपटातून मेरेने विचारलं, "बाबा, नर्सच्या चहात साखर किती घालू?"

मी हात काढले नाहीत. तशीच बसून मी हाक मारली, "मेरे, चहा राहू दे. बाळाला खाली ठेव आणि आधी इकडे ये."